रात्रपाळीला काउंटरवर मारहाण आणि धमकी झाली, हॉस्पिटल म्हणतं 'विसरून जा'. मालकाची काहीच जबाबदारी नसते का?

काउंटर_दोन

नमस्कार. मी एका खासगी हॉस्पिटलात बिलिंग काउंटरला आहे, चार वर्षं झाली. पगार एजन्सीकडून येतो, काम आणि हुकूम मात्र हॉस्पिटलचे. मागच्या आठवड्यात रात्रपाळीला जे झालं ते आधी सगळं सांगते, मग विचारते. लांबेल, पण तोडून सांगितलं की लोक "एवढंच ना?" म्हणतात, हे या आठवड्यात चार वेळा ऐकलंय.

बाराच्या सुमारास अपघाताचा पेशंट आला. तरुण माणूस. सोबत भाऊ आणि भावाचा मित्र. दोनच्या पुढे पेशंट आयसीयूत दगावला. आरएमओंनी, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरांनी, भावाला ते जिन्यात, उभ्याउभ्या सांगितलं. त्यांचाही इलाज नव्हता, शेजारच्या बेडवरच्या पेशंटला त्याच वेळी नळी घालायची होती. आणि मग भावाला कुणीतरी म्हणालं, "खाली काउंटरला जाऊन फॉर्मॅलिटी पूर्ण करा."

म्हणजे तो माझ्याकडे आला. आम्हाला तोंडी सूचना आहे की बिल क्लिअर झाल्याशिवाय बॉडीचा गेटपास काढायचा नाही. मी म्हटलं, "दादा, थोडी रक्कम बाकी दिसतेय." जितकं हळू म्हणता येईल तितकं हळू म्हटलं. तो काही क्षण नुसता बघत राहिला. त्याला माझं वाक्य कळलंच नव्हतं असं वाटलं, आणि मग ते कळताना मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

हातातलं हेल्मेट त्याने काचेवर घातलं. उजव्या कोपऱ्यातून तडा गेला. पैसे घ्यायची जी फट असते तिच्यातून हात घालून त्याने माझ्या आयकार्डची दोरी धरली आणि ओढली. माझं कपाळ आतून काचेवर आपटलं. कार्डावरचं माझं नाव त्याने आडनावासकट मोठ्याने वाचलं. मागच्या मित्राने मोबाइलवर माझा फोटो काढला. "सकाळी सातला सुटतेस ना? कुठल्या रस्त्यानं जातेस ते बघतो. जिवंत घरी पोचायची नाहीस."

आमच्या काउंटरच्या खोलीला एकच दार आहे आणि ते बाहेरच्या हॉलमध्ये उघडतं, म्हणजे तो उभा होता त्याच बाजूला. मला जायला जागाच नव्हती. सिक्युरिटीचे काका मेन गेटवर अँब्युलन्ससाठी साखळी काढायला गेले होते. इंटरकॉमवर मेल वॉर्ड लागला, तिथून सिस्टर आणि दोन मामा (वॉर्डबॉय) धावत आले. सिस्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाकावर बसवलं, तसा तो हमसून रडायला लागला. मी ते काचेआडून पाहिलं. तो गुंड नव्हता, हे मलाही कळतं. पण माझी दोरी त्याच्या मुठीत होती तेव्हा ते कळून उपयोग नव्हता.

सकाळी अ‍ॅडमिन सर म्हणाले, "त्यांचा माणूस गेला, दुःखात बोलतात. पोलिसात गेलीस तर तुझंच नाव चार ठिकाणी जाईल. हॉस्पिटलचं नाव खराब होईल ते वेगळंच." ड्युटी बदलून मागितली तर "बदली माणूस तू आण" असं उत्तर. हँडओव्हरच्या वहीत मी स्वतः लिहिलं होतं, 'रात्री २:४५, नातेवाइकाकडून मारहाण व जिवे मारण्याची धमकी'. दुसऱ्या रात्री वही उघडली तर त्या ओळीवर व्हाइटनर लावलेला आणि वर दुसऱ्याच अक्षरात 'किरकोळ वाद'.

त्या दिवसापासून भाऊ मला सकाळी न्यायला येतो. तो गावाला गेला की मी काय करायचं?

माझं विचारणं एवढंच आहे. कामावर असताना, कामामुळे कुणी धमकी दिली तर ती माझी खासगी बाब आहे का? हॉस्पिटलने काही करायला बांधील असतं का, की ते फक्त चांगुलपणावर? आणि मी एजन्सीची, तर मालक नक्की कोण?

---

निवृत्त_मेट्रन

अगं, आधी सांग, कपाळ कुणाला दाखवलंस का? नसेल दाखवलंस तर आज जा, दुसऱ्या ठिकाणी जा, आणि मारहाणीत लागलंय असं सांगून कागदावर लिहून घे. हॉस्पिटलात रात्रीत किती एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसेस, लिहिल्या जातात! रस्त्यावर मार खाऊन आलेल्या माणसाची आपण नोंद करतो, पोलिसांना कळवतो, आणि आपल्याच काउंटरवरच्या मुलीचं कपाळ फुटतं तेव्हा वहीवर पांढरा रंग. मला वाचून फार राग आला.

त्या व्हाइटनर लावलेल्या पानाचा फोटो काढ. उजेडाकडे पान धरलं की मागून तुझं अक्षर दिसेल, तसाही एक काढ. तारखेसकट.

मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ मेट्रन, म्हणजे नर्सेसची प्रमुख म्हणून. तुझ्या लिहिण्यात मला जी गोष्ट सगळ्यात जास्त खुपली ती हेल्मेट नाही. ती तोंडी सूचना आहे. बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे नियम २०२१ साली सुधारले त्यात हे आहे, आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेतही आहे. म्हणजे ज्या वाक्यावरून तुझ्यावर हात उचलला गेला ते वाक्य तुला बोलायलाच लावायला नको होतं. ज्यांनी नियम केला ते रात्री घरी झोपलेले असतात आणि तो नियम नुकताच भाऊ गमावलेल्या माणसाला ऐकवायला हॉस्पिटलातली सगळ्यात कमी पगाराची, एकटी बसलेली मुलगी ठेवतात. माझ्या मते मालकाची पहिली कसूर इथे आहे, सिक्युरिटी नंतर येते. तू त्यांना लेखी विचार: 'बिल बाकी असताना बॉडीचा गेटपास देऊ नये ही सूचना कृपया लेखी द्यावी.' कुणी सही करून देणार नाही, बघ.

दुसरं, जागा. आमच्या वेळच्या प्रत्येक नर्सच्या मनात अरुणा शानबाग असायची. १९७३ साली केईएममध्ये तिच्यावर हल्ला झाला तो तळघरात, ती ड्युटी संपवून कपडे बदलत असताना. पुढे ४२ वर्षं, २०१५ साली ती जाईपर्यंत, अंथरुणाला खिळलेल्या तिला तिथल्या नर्सेसनी सांभाळलं. लोक तिची गोष्ट दयामरणाच्या खटल्यावरून आठवतात. मी मेट्रन झाल्यावर तिची गोष्ट आठवून एक काम केलं. आमच्याकडे नर्सेसची कपडे बदलायची खोली मागच्या जिन्याखाली होती, ती वॉर्डशेजारी आणवली. दीड वर्ष पत्रं लिहिली त्यासाठी. खोली कुठे आहे, दार कुठल्या बाजूला उघडतं, तिथे माणूस एकटा असतो का, हे ठरवणं कामगाराच्या हातात नसतं, ते फक्त मालकाच्या हातात असतं. तुझ्या काउंटरला मागच्या भिंतीतून दुसरं दार हवं, बोल्ट आतून. हे मागताना अजिबात संकोच करू नकोस.

आणि आयकार्डवर पूर्ण नाव कशाला? पहिलं नाव आणि क्रमांक पुरे. दोरी असेल तर ओढली की सुटणारी. या क्लिपच्या दोऱ्या सगळीकडे मिळतात.

---

गेटवरचा_माणूस

ताई, मी पण हॉस्पिटलला सिक्युरिटीला आहे, दुसऱ्या गावात. तुमच्या काकांची बाजू सांगतो, रागावू नका त्यांच्यावर.

आम्हाला बारा तास उभं करतात. गेट उघडायचं, गाड्या लावायच्या, पास बघायचे, व्हीलचेअर आणायची, सगळं एकच माणूस. भांडण झालं तर काय करायचं हे मला सात वर्षांत एकदाही कुणी शिकवलं नाही. हात लावला तर नातेवाईक म्हणतात गार्डने मारलं, व्हिडिओ काढतात. नाही लावला तर साहेब म्हणतात झोपला होतास का. एकदा मला दगड लागला, डोळ्याच्या वर सहा टाके. कंपनीने विचारलं, युनिफॉर्म फाटला का.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे झाली ती चांगली. काउंटरखाली पायाने दाबायचं बटण बसवलं. वायर मेल वॉर्डला आणि गेटला, दोन्हीकडे बेल वाजते. हाताने फोन लावायची गरज राहत नाही. इलेक्ट्रिशियनने अर्ध्या दिवसात बसवलं. तुमच्या साहेबांना सांगा, एवढं तरी करा.

---

श्रमिक_वकील

काउंटर_दोन ताई, तुमचे तीन प्रश्न आहेत, पण आधी एक घाईचं काम. सीसीटीव्हीचं फुटेज डीव्हीआरमध्ये (रेकॉर्डिंगच्या मशीनमध्ये) कायम राहत नाही, जागा भरली की जुन्यावर नवं चढतं. कुठे पंधरा दिवस, कुठे महिना. तुमचा एक आठवडा गेलाय. आजच्या आज अर्ज द्या: अमुक तारखेचं, रात्री २ ते ४ वाजेपर्यंतचं, काउंटर, हॉल आणि गेट या कॅमेऱ्यांचं फुटेज जपून ठेवावं. एक प्रत हॉस्पिटलला, एक एजन्सीला, दोन्हीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. बाकी सगळं उद्या करता येईल, हे नाही.

आता खासगी बाब की कामाची? कामाची, यात शंका नाही. कामातून आणि काम चालू असताना झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व १९२३ च्या भरपाई कायद्यापासून आपल्याकडे आहे आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच ठेवलंय. लोक म्हणतात, मारहाण म्हणजे अपघात कसा, कुणीतरी मुद्दाम केलीय. हा वाद शंभर वर्षांपूर्वीच निघाला होता. इंग्लंडमध्ये पगाराचे पैसे घेऊन रेल्वेने जाणाऱ्या एका कॅशियरचा डब्यातच खून झाला, आणि १९१० साली तिथल्या कोर्टाने धरलं की मारणाऱ्याने मुद्दाम मारलं असलं तरी ज्याच्यावर बेतलं त्याच्या दृष्टीने तो अपघातच, कारण पैसे नेण्याच्या कामानेच त्याला त्या धोक्यात घातलं होतं. तुमचीही गोष्ट तीच आहे. त्या माणसाचं तुमच्याशी वैर नव्हतं. तुम्ही त्या खुर्चीवर होतात म्हणून तुमचं कपाळ आपटलं. तुमच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर या घटनेची अपघात म्हणून सूचना देणं मालकाचं काम आहे. आणि दुखण्यामुळे डॉक्टरने घरी बसवलं तर त्या दिवसांचा लाभही मिळतो, सरासरी वेतनाच्या ९० टक्के.

पोलिसांकडे काय होईल ते स्पष्ट सांगतो, म्हणजे तिथे गेल्यावर धक्का बसणार नाही. नुसत्या धमकीवर बहुतेक ठाण्यांत एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून पाठवतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये जिवे मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तरीही. त्यामुळे घडलेलं सगळं क्रमाने सांगा: फटीतून हात घातला, दोरी ओढली, कपाळ आपटलं, फोटो काढला, काच फुटली. अश्लील काही बोलला असेल किंवा अंगाला हात लागला असेल तर तेही, जसंच्या तसं, लाज न बाळगता. त्यावर वेगळी कलमं लागतात.

आणि काच विसरू नका. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवेतल्या व्यक्ती आणि संस्थांवरची हिंसा रोखण्यासाठी २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा दखलपात्र (पोलिसांना कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करता येतो) आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय मोडतोडीची दुप्पट भरपाई. धमकावणं आणि कामात अडथळा आणणं हेही त्यात हिंसेत धरलंय. पण त्यातल्या व्याख्येत डॉक्टर, नर्स, वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थी आणि पॅरामेडिकल कर्मचारी आहेत. बिलिंग क्लार्क नाही, वरच्या गार्डदादांसारखे लोकही नाहीत. संस्थेची मालमत्ता मात्र आहे. म्हणजे आज तुमच्या कपाळापेक्षा त्या काचेला हा कायदा सरळ लागू होतो. मला हे लिहिताना वाईट वाटतं, आणि व्याख्या बदलावी म्हणून आमची संघटना बोलत असते, पण तोवर तुमच्या हातात तेवढंच आहे. काचेची तक्रार हॉस्पिटलने करायला हवी. ते करत नसतील तर दखलपात्र गुन्ह्याची खबर कुणीही देऊ शकतं, तुम्हीसुद्धा.

मालक कोण? दोघेही. एजन्सी पगार देते, पण जागा, वेळ, खुर्ची, दार हे सगळं हॉस्पिटलच्या ताब्यात. कायद्याच्या भाषेत हॉस्पिटल मुख्य मालक. भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते, त्याने ती नंतर एजन्सीकडून वसूल करावी. म्हणून प्रत्येक पत्र दोघांच्या नावे. नाहीतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून हात झटकतील.

प्रतिबंध करण्याची जबाबदारी चांगुलपणावर नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मालकाच्या कर्तव्यांत इजा होऊ शकेल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवणं हे आरंभीच लिहिलंय. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात हॉस्पिटलही येतात आणि बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षेची सोय हवी आणि दारापर्यंत पोचवायची व्यवस्था हवी. किती कामगारांच्या आस्थापनेला हे लागू आहे ते तुमच्या हॉस्पिटलच्या आकड्यावरून बघून सांगेन. पण तुमचा भाऊ तुम्हाला न्यायला येतो तेव्हा तो बहुधा हॉस्पिटलचं काम करतोय, हे लक्षात घ्या.

---

वीस_खाटांचा_डॉक्टर

मी लहान हॉस्पिटल चालवतो. तुमच्या अ‍ॅडमिनचं वाक्य वाचून थांबलो, कारण सहा वर्षांपूर्वी माझ्या सिस्टरला मी जवळजवळ हेच बोललो होतो. तिने पंधरा दिवसांनी राजीनामा दिला. मी चुकलो होतो. हे आज इथे लिहायचं कारण, मालक असं का बोलतो ते तुम्हाला कळावं. त्या क्षणी आमच्या डोक्यात जमाव, वर्तमानपत्र, उद्याची ओपीडी असं सगळं असतं. घाबरलेला माणूस गोष्ट झाकायला बघतो. पण झाकली की स्टाफला कळतं, आपल्यावर बेतलं तर कुणी नाही.

वकिलांचं सगळं मान्य, फक्त एक वेगळं मत मांडतो. ज्याचा भाऊ नुकताच गेलाय त्याला अजामीनपात्र कलमाखाली आत टाकून उद्याचा हल्ला थांबत नाही. माझा अनुभव असा की हल्ला होण्याआधीच्या अर्ध्या तासात तो थांबवता येतो. आम्ही मृत्यूची बातमी आता जिन्यात किंवा दारात देत नाही. एक छोटी खोली केली, तिथे खुर्च्या आहेत. मी किंवा दुसरे सीनियर डॉक्टर स्वतः जातो, सोबत सिस्टर, आधी नातेवाइकांना बसवतो, मग सांगतो, आणि त्यांचं रडून होईपर्यंत उठत नाही. पैशाचा विषय त्या दिवशी निघतच नाही. काउंटरला स्क्रीनवर मृत्यूची खूण दिसते, ती दिसली की काउंटरने फक्त पास द्यायचा. बाउन्सर ठेवून पाहिले, त्यांनी वातावरण आणखी बिघडवलं, काढले.

---

काउंटर_दोन

डॉक्टरसाहेब, तुम्ही स्वतःचं सांगितलंत त्याबद्दल आभार. तुमच्या खोलीची गोष्ट मी अ‍ॅडमिनला दाखवणार आहे.

पण एक सांगू? त्याला जेलमध्ये टाका असं मी कधीच म्हटलं नाही. मला हवंय ते घडलं असं कुणीतरी लिहावं. माझं लिहिलेलं त्यांनी पुसलं. त्याने मला मारलं तेव्हा मी घाबरले, पण रडले नाही. व्हाइटनर बघितला तेव्हा रडले. त्या माणसावर काय कारवाई करायची ते ठरवायला पोलीस आणि कोर्ट आहेत. घडलंच नाही असं ठरवायचा अधिकार हॉस्पिटलला कुणी दिला?

---

वीस_खाटांचा_डॉक्टर

तुमचं बरोबर आहे. मी नोंद आणि शिक्षा यांची गल्लत केली. तक्रार हॉस्पिटलने, हॉस्पिटलच्या नावाने द्यावी, म्हणजे कर्मचाऱ्याचं नाव एकटं पुढे येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आरजी कर प्रकरणानंतर (ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर हॉस्पिटलातच बलात्कार आणि खून) केंद्राने आपल्या हॉस्पिटलांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना कळवलं होतं की ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने एफआयआर दाखल करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. आमच्यासारख्या खासगी लोकांना ते पत्र थेट लागू नाही, पण तसं वागायला कुणी अडवलेलंही नाही. मी उद्या माझ्याकडे तसा लेखी नियम लावतो.

---

निवृत्त_मेट्रन

डॉक्टर, लावा. आणि त्यात 'सर्व कर्मचारी' असं लिहा. मावशी, मामा, गार्ड, काउंटर, सगळे. नुसतं 'डॉक्टर व नर्स' लिहू नका.

काउंटरवरच्या मुली, तू एक वेगळं रजिस्टर मागून घे. पानांना छापील क्रमांक असलेलं. त्यात फक्त धमकी, शिवीगाळ, मारहाण, अंगावर धावून येणं. तारीख, वेळ, जागा, त्या वेळी कोण कुठे होतं, आणि नंतर काय केलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा, तो मालकाने भरायचा. आमच्याकडे तीन महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या तेव्हा कळलं की बहुतेक प्रकार भेटीची वेळ संपताना आणि पहाटे दोन ते चारमध्ये होतात. मग त्या वेळी माणसं वाढवली. तोंडी सांगत राहिलो असतो तर "हल्लीचे लोकच असे" एवढ्यावर विषय संपला असता.

---

श्रमिक_वकील

रजिस्टरची सूचना फार चांगली. बाहेरून येणाऱ्यांकडून होणाऱ्या हिंसेची मालकाने आधीच पाहणी करावी, ही जगभर मान्य होत चाललेली गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार याच विषयावर आहे, जून २०२१ पासून लागू. त्यासोबतच्या शिफारशीत ग्राहक, रुग्ण आणि सामान्य लोक यांच्याकडून येणारा धोका वेगळा नमूद केलाय. प्राणावर बेतेल असं वाजवी कारणाने वाटलं तर काम सोडून बाजूला होण्याचा कामगाराचा हक्कही करारात आहे, त्याबद्दल त्याला शिक्षा करता येत नाही. भारताने अजून त्यावर मोहोर उठवलेली नाही, म्हणून कोर्टात हुकमाचा पत्ता म्हणून वापरू नका. पण पत्रात उल्लेख जरूर करा.

आणखी एक. पत्र एकटीने देऊ नका. त्या रात्रीच्या सिस्टर आणि दोन मामांच्या सह्या मिळाल्या तर पाहा. नोकरीवरून काढायचं मनात असेल तर चौघांना काढताना माणूस दहा वेळा विचार करतो.

---

काउंटर_दोन

पाच दिवसांनी लिहितेय, सगळ्यांना सांगायचं होतं.

कपाळ दुसरीकडे दाखवलं, कागद मिळाला. फुटेजचा अर्ज दिला. अ‍ॅडमिन सरांनी पोच द्यायला नाही म्हटलं, म्हणून तिथे उभी असताना पोस्टाच्या फॉर्मवर त्यांच्यासमोर पत्ता लिहायला लागले. मग त्यांनी शिक्का मारला. सिस्टर आणि एका मामांनी सही केली. दुसरे मामा म्हणाले, "पोरीचं लग्न ठरलंय, आत्ता नको." मी त्यांना काही म्हटलं नाही.

गेटपासची सूचना लेखी मागितली. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर नोटीस आली की मृत्यूच्या प्रकरणात पास तत्काळ द्यावा, बिलाबाबत अकाउंट्स विभाग नंतर संपर्क करेल. खाली कुणाचं नाव नाही. पण काल पहाटे एका आजोबांची बॉडी द्यायची होती, मी पास काढला आणि त्यांच्या मुलीच्या हातात दिला. ती "किती झाले?" म्हणाली. मी म्हटलं, "आत्ता काही नाही, ताई. तुम्ही जा." चार वर्षांत पहिल्यांदा असं म्हणता आलं.

पायाखालचं बटण बसलं. दुसरं दार अजून नाही, "बजेटमध्ये बघू" चाललंय. रात्री दुसरी खुर्ची ठेवलीय, तिच्यावर आठवड्यातून चार रात्री कुणीतरी असतं, तीन रात्री नसतं. त्या तीन रात्रींची तारीख मी लिहून ठेवतेय. घरी सोडायला अँब्युलन्सचे ड्रायव्हर काका येतात, पण तसा लेखी आदेश नाही, म्हणून वकीलसाहेब, त्याचं पुढचं पत्र तुम्ही सांगाल तसं लिहिते.

ठाण्यात पहिल्या दिवशी एनसीच म्हणाले. काचेचं आणि २०१० च्या कायद्याचं सांगितल्यावर ड्युटी ऑफिसरने आत जाऊन विचारलं आणि मग लिहून घेतलं. आता काच बदलायला माणूस आला होता, त्याला मी परत पाठवलं. पंचनामा उद्या सकाळी आहे, तोवर तो तडा तसाच राहू दे म्हटलं.